बिस्मथ वितळवताना: बारवेसारखे स्फटिक, १३८ अंशांचं सोल्डर आणि न चेमटता वाकवलेली नळी

बिस्मथ हा शिशासारखा जड धातू, वितळवून सावकाश निववला की त्याचे पायऱ्या-पायऱ्यांचे रंगीत स्फटिक धरतात. एक किलो बिस्मथ म्हणजे जेमतेम १०२ मिलिलिटर. कटिंग चहाचा ग्लास भरेल, एवढाच ऐवज. पहिल्यांदा लगड मागवणारे बहुतेक जण इथेच चकतात. वजन ऐकून मोठं पसरट पातेलं घेतात, वितळलेल्या धातूचा रस तळाशी सेंटिमीटरभर पसरतो आणि स्फटिकांना वाढायला जागाच उरत नाही. म्हणून आधी धातूचा स्वभाव समजून घ्या, भांडं त्यानंतर निवडा.

बिस्मथ २७१.५ अंश सेल्सिअसला वितळतो. कथिलाहून चाळीसेक अंश वर, शिशाहून पन्नासेक अंश खाली. म्हणजे घरच्या गॅसवर सहज वितळणारा. गोठताना तो आकसत नाही, उलट सुमारे ३.३ टक्के फुगतो. हा गुण पाण्याचा आहे, धातूंमध्ये फार थोड्यांचा. त्यामुळे बर्फ जसा पाण्यावर तरंगतो तसा घन बिस्मथ स्वतःच्याच रसावर तरंगतो: घनरूपाची घनता ९.७८, रसाची सुमारे १०.०५. उष्णता वाहून नेण्यात हा धातू अगदी मंद. तांब्याचा आकडा ४०० च्या घरात, तर याचा फक्त ८, म्हणजे स्टेनलेस स्टीलपेक्षाही कमी. आणि गरम असताना हवा लागली की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक थर चढतो. पुढे जे काही जमेल किंवा बिघडेल, ते बहुतेक या चार गोष्टींमुळेच.

पाचवा गुण हाताळताना कळतो: तो ठिसूळ आहे. शिशासारखा जड लागतो म्हणून शिशासारखा वाकवायला जाल तर मोडेल. खाणकामगार पूर्वी त्याला शिशाचाच एक प्रकार समजत. तो वेगळा धातू आहे हे फ्रान्सच्या क्लोद जोफ्र्वा यांनी १७५३ मध्ये दाखवून दिलं.

विकत घेताना

स्फटिकांसाठी ९९.९९ टक्के शुद्ध लगड किंवा तुकडे घ्या. ९९.९ वरही काम होतं, पण पायऱ्या तेवढ्या ठसठशीत येत नाहीत. शिकारीच्या छऱ्यांचा बिस्मथ स्वस्त मिळाला तरी नको. छरे फुटू नयेत म्हणून त्यात कथिल मिसळलेलं असतं, आणि थोडं कथिलही स्फटिकांची धार घालवतं. कमीत कमी एक किलो घ्या, दोन किलो असेल तर उत्तम. धातू वाया जात नाही. न आवडलेला स्फटिक पुन्हा वितळवायचा, घट फक्त वरच्या मळीची.

माल खरा आहे का, हे घरी तीन प्रकारे तपासता येतं.

लहान तुकडा जाड फडक्यात गुंडाळून हातोडी मारा. बिस्मथ फुटतो, आणि फुटलेल्या जागी चकचकीत पैलू दिसतात. चांदीसारखे, पण किंचित गुलाबी झाक असलेले. शिसं चपटं होतं, कथिल वाकतं.

दुसरी तपासणी स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. पाण्याचा वाडगा काट्यावर ठेवून टेअर, म्हणजे आकडा शून्यावर आणणारं बटण, दाबा. तुकडा दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर तुकड्याचं आकारमान. ५०० ग्रॅमच्या बिस्मथला साधारण ५१ यायला हवं. ४४ च्या आसपास आलं तर ते शिसं, ६८ आलं तर कथिल. मधलाच एखादा आकडा आला तर मिश्रण, तो माल परत करा.

तिसरी तपासणी चुंबकाची. बिस्मथ चुंबकाला चिकटत तर नाहीच, उलट त्याच्यापासून दूर सरकतो. या गुणाला डायामॅग्नेटिझम म्हणतात आणि नेहमीच्या धातूंमध्ये तो बिस्मथइतका ठळक कुणातच नाही. शिशातही आहे, पण साधारण नवव्या हिश्श्याने. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा लांब दोऱ्याला टांगा, पंखा बंद करा, दोरा स्थिर होऊ द्या आणि ताकदवान निओडिमियम चुंबक अगदी जवळ आणा, स्पर्श होऊ न देता. तुकडा सावकाश मागे हटतो. चुंबकाकडे ओढला गेला तर त्यात लोखंड आहे.

विक्रेत्याच्या पानावर ‘किरणोत्सारी’ हा शब्द वाचून काही जण बिचकतात. बिस्मथचं केंद्रक अस्थिर आहे हे २००३ मध्ये फ्रान्समधल्या ऑर्से इथे मोजलं गेलं, हे खरं. पण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे २ वर १९ शून्यं इतकी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून अधिक आहे. लगड टेबलावर ठेवायला काहीच हरकत नाही.

भांडं

स्टेनलेस स्टीलची, सांधा नसलेली दोन भांडी लागतात: एक वितळवायला, दुसरं उरलेला रस ओतायला. साधं स्टीलचं फुलपात्र या कामाला फार चांगलं. आतला व्यास सात सेंटिमीटर धरला तर एक किलो रस अडीच सेंटिमीटरपर्यंत येतो, दोन किलो पाच सेंटिमीटरच्या थोडा वर. चार-पाच सेंटिमीटर खोली असली की स्फटिक मोकळे वाढतात. तोंडाकडे किंचित रुंद होत जाणारं निवडा. थंड होताना स्टील बिस्मथपेक्षा जास्त आकसतं आणि गोळा आत आवळला जातो. उभ्या भिंतीच्या भांड्यातून तो काढताना अर्धे स्फटिक मोडतात.

कल्हई केलेलं पितळी भांडं चालणार नाही. कल्हई म्हणजे कथिल, ते २३२ अंशांना वितळून रसात उतरतं, शुद्धता गेली. कल्हई नसलेलं तांबं-पितळही नको, त्यातलं तांबं रसात विरघळतं. नॉनस्टिक तर अजिबात नको. बिस्मथ वितळायच्या आधीच त्याचा लेप खराब होऊ लागतो आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो. पातळ ॲल्युमिनियम या तापमानाला मऊ पडतं, त्यात दोन किलोचा भार उचलणं धोक्याचं. काचेची परीक्षानळी किंवा बीकर वापरलात तर रस गोठताना फुगून काच तडकवेल.

जी भांडी वापराल ती कायमची या कामाला द्या, पुन्हा खाण्यापिण्यात आणू नका.

सांडशीने भरलेलं फुलपात्र उचलण्याचा सराव आधी थंड लगड आत ठेवून करा. पकड घसरत असेल तर लांब दांड्याची पक्कड घ्या. हे टाळू नका, कारण सगळ्यात मोठा अपघात इथेच होतो. जाड चामडी हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट. सिंथेटिक कपडा नको, थेंब पडला तर कातडीला चिकटतो. काम गच्चीत किंवा दारं-खिडक्या उघडून करा. खाली विटा किंवा फरशी, जवळ कोरडी वाळू.

आणि पाणी दूर. रसात ओला चमचा बुडवला, दमट तुकडा टाकला, घामाचा थेंब पडला, तरी त्याची क्षणात वाफ होते आणि रस अंगावर उडतो. पावसाळ्यात कपाटातून काढलेल्या लगडीवरही दमटपणा असतो. चमचे, चिमटे, नवे तुकडे, दुसरं भांडं, सगळं आधी आचेजवळ दहा मिनिटं तापवून कोरडं करून घ्या.

वितळवणं

एक किलो बिस्मथ वितळवायला लागणारी उष्णता पाव लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकीच असते. त्यामुळे मोठ्या आचेची गरज नाही, मंद गॅस किंवा इलेक्ट्रिक शेगडी पुरते. मल्टिमीटरला जोडायचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असेल तर जरूर वापरा, याच्याइतका उपयोगी सोबती या कामात नाही. सगळा धातू वितळला की ३०० ते ३२० अंशांपर्यंत न्या आणि थांबा. ४०० च्या पुढे गेलात तर हाती काही लागत नाही, वर पिवळट मळी मात्र भराभर साचते.

रसावर दुधासारखी साय धरते. स्टीलच्या चमच्याच्या कडेने ती एका बाजूला ओढून काढा. खाली पाऱ्यासारखा आरसा दिसतो, आणि बघता बघता त्याच्यावर सोनेरी छटा येते, मग जांभळी, मग निळी. हीच नवी साय. ती पुन्हा पुन्हा काढत बसलात तर धातू संपेल. एकदा नीट साफ करा, आणि निववायला ठेवण्याच्या क्षणी शेवटचा हात फिरवा. साय तशीच राहिली तर रस ओतताना ती स्फटिकांवर ओल्या कागदासारखी बसते आणि सगळ्या पायऱ्या झाकून टाकते.

निववणं: खरं काम इथे आहे

गॅस बंद केल्यावर ३०० वरून २७१ वर यायला फारसा वेळ लागत नाही. मग थर्मोकपलचा आकडा जवळजवळ खिळतो. रस गोठताना आत दडलेली उष्णता सोडत असतो. एक ग्रॅमला सुमारे ५४ ज्यूल. ३०० ते २७१ या घसरणीत त्याने सोडलेली उष्णता याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. आकडा खिळलेला असतो तोच स्फटिक वाढण्याचा काळ. तो जितका लांबवाल तितके स्फटिक मोठे.

लांबवायचा कसा? भांडं फरशीवर नको, विटेवर ठेवा. भोवती कोरडी, आधीच तापवलेली वाळू किंवा सिरॅमिक लोकर. वर झाकण, तेही गॅसवर तापवून घेतलेलं. झाकणाला सर्वांत जास्त महत्त्व द्या. वरची बाजू तळापेक्षा आधी निवली तर पृष्ठभागावर कवच धरतं, आणि घन बिस्मथ तरंगता असल्यामुळे ते तिथेच जाड होत जातं. आपल्याला स्फटिक तळातून आणि कडांतून वर यायला हवे आहेत. भांड्याला धक्का लागू देऊ नका. हलवलं की एकाच वेळी शेकडो जागी गोठण सुरू होते आणि हाती बारीक रवा येतो.

रस कधी ओतायचा, हा प्रश्न घड्याळाने सुटत नाही, कारण प्रत्येकाचं भांडं, वाळू आणि हवा वेगळी. त्यावर एक खात्रीचा मार्ग आहे. पहिला घाणा स्फटिकांसाठी काढूच नका. थर्मोकपल मधोमध बुडवून सगळा रस पूर्ण गोठू द्या आणि आकडा २७१ जवळ किती मिनिटं खिळून राहिला ते लिहून ठेवा. समजा २० मिनिटं. आता पुन्हा वितळवा, थर्मोकपल सुटा होईल, आणि दुसऱ्या घाण्यात आकडा खिळल्यापासून ११-१२ मिनिटांनी ओता. म्हणजे एकूण काळाच्या साधारण ५५ ते ६० टक्क्यांवर. धातूचं वजन, भांडं आणि झाकण तेच ठेवलं तर हा आकडा दर वेळी कामाला येतो.

थर्मोकपल नसेल तर डोळ्यांवर भिस्त. दर दोन मिनिटांनी झाकण किंचित सरकवून पाहा. कडेला चौकोनी रेषांची नक्षी दिसू लागते. चिमट्याने भांड्याला अगदी हलकी टिचकी मारा: कडा स्थिर, मधला भाग थरथरतो. थरथरणारा भाग व्यासाच्या निम्म्यावर आला की वेळ झाली. सगळ्यावर पातळ कवच धरलं असेल तर कोरड्या, तापवलेल्या चिमट्याच्या टोकाने कडेजवळ भोक पाडा आणि त्यातून रस जाऊ द्या.

ओतताना हात आखडता नको. तापवलेल्या दुसऱ्या भांड्यात एका सलग हालचालीत ओता, भांडं पूर्ण उलटं करा, पाच-सात सेकंद तसंच धरा, एकदा हलकं आपटा. थबकत ओतलं तर पायऱ्यांच्या खाचांत रस अडकतो आणि तिथेच गोठतो.

आता भांडं सरळ करून आत पाहा. चौकोनात चौकोन, त्याच्या आत आणखी चौकोन, पायरी-पायरीने खोल उतरत गेलेले. जुन्या बारवेत वरून डोकावल्यासारखं. स्फटिकाच्या कडा आणि कोपरे रसात पुढे गेलेले असतात. त्यांच्याकडून उष्णता लवकर निघून जाते आणि ताजा धातू तिथे आधी बसतो. पैलूचा मधला भाग मागे पडतो, म्हणून खोलगट राहतो. कोन काटकोनासारखे दिसतात, पण मोजले तर ८७-८८ अंशांच्या आसपास भरतात, कारण याची मूळ रचना घनाची नाही, किंचित कललेल्या घनाची आहे.

पहिल्या क्षणी सगळं चांदीसारखं असतं. मग हवा लागते आणि रंग धावत येतात: सोनेरी, गुलाबी-जांभळा, निळा, हिरवट. यात रंगद्रव्य काहीच नाही. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग ज्या कारणाने दिसतात त्याच कारणाने हे दिसतात. ऑक्साइडच्या थराच्या वरून आणि खालून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात, आणि थर किती जाड यावर रंग ठरतो. म्हणून रंग हातात असतो. सोनेरी हवा असेल तर भांडं उघड्यावर लवकर निवू द्या. निळा-हिरवा हवा असेल तर ओतल्याबरोबर तापलेलं झाकण थोडी फट ठेवून वर टाका, म्हणजे आतली ऊब टिकेल आणि थर जाड होत राहील. स्फटिक फिकेच राहिले तर तेही भांडं २०० ते २३० अंशांच्या ओव्हनमध्ये, खाण्यासाठी न वापरायच्या, ठेवून रंग वाढवता येतो. टॉर्चची ज्योत लावण्याचा मोह होतो, पण पायऱ्यांच्या कडा पातळ असतात आणि पटकन वितळून गोल होतात.

गोळा भांड्यातून सुटत नसेल तर ठोकू नका. भांडं पूर्ण थंड झाल्यावर उलटं धरून बाहेरून फक्त भिंत चटकन तापवा. कडेचा पातळ थर वितळला की गोळा खाली सरकतो. खाली वाळूचा थर असू द्या.

एकटा, सुटा स्फटिक हवा असेल तर पद्धत थोडी वेगळी. रस २७१ ला टेकला की स्टेनलेसची जाड तार किंवा बोल्ट पृष्ठभागात पाच-सहा मिलिमीटर बुडवून स्थिर धरा. तिच्यातून उष्णता वर निघून जाते आणि टोकाभोवती स्फटिक धरतो. मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने वर उचलत राहा. फार लवकर उचललंत तर काडीसारखा येतो, थांबून राहिलात तर तो कडेच्या कवचाला जाऊन मिळतो. यात संयमाचं काम जास्त, पण कपाटात मांडावेत असे नग याच पद्धतीने मिळतात.

बिघडलं तर

सगळा भरीव गोळा आला आणि वर थोडीशीच नक्षी असेल, तर ओतायला उशीर झाला. भिंतीला चिकटलेली पातळ, हात लावताच मोडणारी पापडी आली तर घाई झाली. स्फटिक बारीक आणि पुष्कळ असतील तर रस फार भरभर निवला, किंवा भांड्याला धक्का लागला. दोन्ही नीट सांभाळूनही पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर धातूच अशुद्ध आहे, आणि त्यावर घरात इलाज नाही. पायऱ्या छान पण रंग फक्त करडा, तर पृष्ठभागावर साय बसली. पायऱ्यांच्या कडा बोथट, तर ओतताना रस फार गरम होता आणि त्याने तयार स्फटिक थोडे वितळवले. झाकणाखाली भोवतालची वाळू जास्तच तापली असेल तर हे घडतं.

तयार स्फटिक धुवायचा तर फक्त साध्या पाण्याने. लिंबू, चिंच, व्हिनेगर, पितांबरी यांपैकी काहीही नको, आम्ल लागलं की रंगाचा थर उतरतो आणि घासलं तर कडा मोडतात. वरून लाखेचा किंवा स्प्रेचा लेप दिला तर रंग मंदावतात. बंद काचेची पेटी बरी.

सोल्डर

सोल्डर म्हणजे तारा आणि सुटे भाग जोडायला वितळवून लावायचा मिश्रधातू. बिस्मथ ५८ भाग आणि कथिल ४२ भाग, वजनाने. हे मिश्रण १३८ अंशांना वितळतं, दोन्ही धातूंच्या वितळबिंदूंपेक्षा कितीतरी खाली. करायला सोपं: आधी कथिल वितळवा, त्यात बिस्मथचे लहान तुकडे टाकत जा. ते आपल्या २७१ अंशांची वाट न पाहता विरघळत जातात. स्टीलच्या सळईने ढवळा, साय काढा आणि लोखंडी अँगलच्या खाचेत ओतून पातळ काड्या पाडा.

उष्णतेने खराब होणारे भाग, उदाहरणार्थ एलईडीच्या पट्ट्या, यांना हे सोल्डर चांगलं. सोल्डरिंग आयर्न १८० ते २०० अंशांवर ठेवा. सांध्याची जागा साफ करायला फ्लक्स लागतो. साधं रोझिन (राळेचा फ्लक्स) इतक्या कमी तापमानाला नीट काम करत नाही, कमी तापमानाच्या सोल्डरचा म्हणून विकला जाणारा फ्लक्स घ्या. सांधा ठिसूळ असतो, त्यामुळे ओढ किंवा आपट बसेल अशा सॉकेटला, चार्जिंग पिनला तो लावू नका.

जुन्या शिशाच्या सोल्डरवर हे लावणं ही दुरुस्तीत नेहमी होणारी आणि उशिरा कळणारी चूक आहे. बिस्मथ, शिसं आणि कथिल तिन्ही एकत्र आले की त्यातला काही भाग ९६ अंशांनाच वितळतो. उपकरण तापलं की सांधा सुटतो. जुनं सोल्डर ते शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वातीने पूर्ण उपसून घ्या, मगच नवं. चिप काढताना मात्र हीच खोड कामी येते: बोर्डवरच्या सोल्डरमध्ये बिस्मथचं मिश्रण मिसळून त्याचा वितळबिंदू उतरवतात, आणि चिप कमी उष्णतेत सुटते.

प्रेशर कुकरच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्हही ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूवरच चालतो. कुकर कोरडा पडला की तो वितळून वाफेला वाट देतो. उडालेल्या व्हॉल्व्हमध्ये घरचं सोल्डर भरू नका. ते नेमकं कधी वितळायला हवं हे उत्पादकाने ठरवलेलं असतं. नवा व्हॉल्व्ह बसवा.

नळी वाकवणं

पातळ भिंतीची तांब्या-पितळेची नळी वाकवली की आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि ती चेमटते. वाळू भरून बरंच काम होतं, पण घट्ट वळणाला कमी तापमानाला वितळणारा बिस्मथचा मिश्रधातू भरणं जास्त खात्रीचं. निम्म्याच्या आसपास बिस्मथ असल्यामुळे तो गोठताना आकसत नाही, नळीच्या भिंतीला टेकून राहतो. वूड्स मेटल ७० अंशांना वितळतो: ५० टक्के बिस्मथ, २६.७ शिसं, १३.३ कथिल, १० कॅडमियम. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे तो घरी बनवू नका. तयार घ्या, आणि शक्य असेल तर त्याऐवजी कॅडमियम नसलेला रोझेस मेटल वापरा. तो ९४ ते ९८ अंशांना वितळतो. मुंबई-कोकणात उकळत्या पाण्यात हे जमतं. महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि रोझेस मेटल अर्धवट वितळून राहतो. तिथे पाण्याऐवजी तेलात तापवा.

नळी आतून स्वच्छ करा आणि पातळ तेलाचा हात फिरवा. हे तेल फार महत्त्वाचं, नाहीतर मिश्रधातू तांब्याला कल्हईसारखा धरतो. खालचं टोक बुचाने बंद करा, नळी कोमट करून घ्या म्हणजे रस मध्येच अडकणार नाही, आणि आत पाण्याचा थेंब नाही याची खात्री करा. तिरकी धरून सावकाश भरा, म्हणजे हवा अडकत नाही. भरल्यावर लगेच थंड पाण्यात खालच्या टोकापासून बुडवा. इथे नियम स्फटिकांच्या बरोबर उलटा. भरभर निवलं की कण बारीक राहतात आणि भरणा नळीबरोबर वाकतो. सावकाश निवला तर मोठे स्फटिक धरतात आणि भरणा आतल्या आत मोडतो. नळी पुन्हा खोलीच्या तापमानाला आली की एकसारख्या दाबाने, झटका न देता वाकवा.

बाहेर काढायला पुन्हा गरम पाणी. ज्योत कधीच नको. मग चिंधी ओढून आतून पुसा, दोनदा. राहिलेल्या कणांवर नंतर झाळकाम केलं तर सांधा कच्चा राहतो, बिस्मथ तांब्याला ठिसूळ करतो. शिसं किंवा कॅडमियम असलेला मिश्रधातू भरलेली नळी पिण्याच्या पाण्याला वापरू नका. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

अशाच मिश्रधातूचे ठोकळे कॅन्सरच्या किरणोपचारात शरीराचा निरोगी भाग झाकायला ओततात. रुग्णागणिक आकार वेगळा, आणि उपचार झाले की तोच धातू वितळवून पुढच्याला.

इतरत्र

लिपस्टिक-पावडरींमधली मोत्यासारखी चमक अनेकदा बिस्मथ ऑक्सिक्लोराइडची, चांगल्या प्रतीच्या पिवळ्या रंगांत बिस्मथ व्हॅनेडेट, छोट्या थंडगार पेट्यांमधल्या पेल्टियर पट्टीत (वीज दिली की एका बाजूने थंड होणाऱ्या) बिस्मथ टेल्युराइड. अल्सरच्या जंतूंवर दिल्या जाणाऱ्या औषधांत त्याचे क्षार असतात. ते घेताना जीभ आणि शौच काळं होतं, कारण शरीरातल्या गंधकाशी मिळून काळा बिस्मथ सल्फाइड बनतो. औषध म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवतील. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये बिस्मथचे क्षार महिनोन्‌महिने घेणाऱ्या अनेकांच्या मेंदूवर परिणाम झाला होता. लगडीचा कीस किंवा घरची मळी पोटात जाता कामा नये, हे वेगळं सांगायला नको, पण लहान मुलं असलेल्या घरात स्फटिक उंचावर ठेवा.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुद्ध बिस्मथचा स्फटिक केवळ ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत थंड केल्यावर अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारा, झालेला आढळला. डिसेंबर २०१६ मध्ये हे जाहीर झालं. बिस्मथमध्ये वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन इतके विरळ आहेत की अतिवाहकतेच्या नेहमीच्या सिद्धान्तात तो बसत नाही. तिथेही सगळी भिस्त स्फटिकाच्या शुद्धतेवर होती.

म्हणून शेवटची सूचना साठवणीची. शुद्ध बिस्मथ, कथिलाचं मिश्रण आणि शिशाचं मिश्रण वितळल्यावर सारखेच दिसतात, थंड झाल्यावरही पटकन ओळखू येत नाहीत. प्रत्येकाचं भांडं, चमचा आणि डबा वेगळा ठेवा, आणि लगड गोठताच तिच्यावर खिळ्याने नाव कोरा. सोल्डरचा एक तुकडा चुकून स्फटिकांच्या फुलपात्रात पडला तर तो सगळा धातू त्या कामातून गेला. तो सोल्डरच्या डब्यात टाका. मळीही कोरड्या बरणीत साठवून भंगार धातू घेणाऱ्याकडे द्या, मोरीत ओतू नका.